टॅपेट वाजते : नुसते सेट करायचे की बदलायचे? मोटारसायकल वापरणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

बडनेरा : दुधाच्या कॅन लादलेली गाडी असो, फवारणीचा पंप घेऊन वावरात जाणारी असो, की स्टेशनच्या स्टँडवर आठवडाभर उभी राहिलेली असो. इंजिनच्या वरच्या भागातून टकटक आवाज आला की गॅरेजवर पहिले वाक्य ऐकू येते, "टॅपेट वाजतंय." मग दोनपैकी एक होते. कोणी पाना लावून टॅपेट कसून आवाज बंद करतो, तर कोणी "सगळं बदलावं लागते" म्हणून मोठा खर्च सांगतो. यातला कोणता सल्ला आपल्या गाडीला लागू पडतो, हे मालकाला कळत नाही आणि पैसे त्याच्याच खिशातून जातात.

भातकुली, नांदगाव खंडेश्वर, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागातल्या बऱ्याच खेड्यांत एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते. दवाखाना, बँक, बाजार समिती, सगळे मोटारसायकलवर चालते. ऐन पेरणीत किंवा कापूस वेचणीत इंजिन उघडून पडले तर नुकसान फक्त दुरुस्तीच्या बिलाचे नसते. म्हणून टॅपेट म्हणजे काय, ते केव्हा सेट करायचे, केव्हा बदलायचे आणि बदलताना काय पाहायचे, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

टॅपेटचे काम काय?

चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये दोन वॉल असतात. एकातून पेट्रोल-हवा आत येते, त्याला इनलेट म्हणतात. दुसऱ्यातून जळलेला धूर सायलेन्सरकडे जातो, तो एक्झॉस्ट. हे वॉल उघडण्याचे काम कॅम करतो. कॅम म्हणजे अंड्याच्या आकाराचा फिरणारा लोखंडी उंचवटा. त्याचा उंच भाग आला की तो मधल्या भागाला ढकलतो आणि तो भाग वॉल दाबतो. उंच भाग गेला की स्प्रिंग वॉल पुन्हा बंद करते. कॅम आणि वॉल यांच्या मधल्या या ढकलणाऱ्या भागांनाच आपल्याकडे मोघम 'टॅपेट' म्हणतात. काही इंजिनांत त्याला लिफ्टर हे नाव आहे.

इंजिन मिनिटाला ४,००० फेरे मारत असेल तर कॅम त्याच्या निम्मे, म्हणजे २,००० फेरे मारतो. तासभर गाडी अशी चालली तर एकेक वॉल १ लाख २० हजार वेळा उघडतो आणि बंद होतो. तेवढ्याच वेळा टॅपेटवर ठोका बसतो. मध्ये ऑईलचा पातळ थर असतो, म्हणून हे लोखंड लोखंडाला खात नाही. ऑईल कमी झाले, काळे पडले किंवा त्यात धूळ गेली की झीज सुरू होते.

आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे?

सगळ्या गाड्यांचे टॅपेट एकसारखे नसतात. आधी आपल्या गाडीत काय आहे ते समजून घ्या, कारण बदलण्याचा नियम त्याप्रमाणे ठरतो.

पहिला प्रकार, १०० ते १२५ सीसीच्या गाड्या. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १००, १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर आणि त्यानंतरच्या याच वर्गातल्या बहुतेक गाड्यांत कॅम वर हेडमध्येच असतो. कॅमवर रॉकर टेकतो. रॉकरच्या दुसऱ्या टोकाला एक स्क्रू आणि लॉकनट असतो. तो स्क्रू वॉलच्या दांडीवर बसतो. या गाड्यांत वेगळा लिफ्टर नसतो. रॉकर आणि त्याचा स्क्रू म्हणजेच टॅपेट. याचा गॅप हाताने सेट करता येतो.

दुसरा प्रकार, जुनी बुलेट. मद्रासला १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया कंपनी सुरू झाली आणि तेव्हापासून अनेक दशके चाललेल्या कास्ट आयर्न इंजिनात कॅम खाली टायमिंगच्या बाजूला असतो. कॅमवर खरे टॅपेट उभे असतात, त्यांच्यावर लांब पुशरॉड आणि वर रॉकर. गॅप सेट करण्याची जागा ब्लॉकच्या बाजूच्या छोट्या झाकणामागे, पुशरॉडच्या खालच्या टोकाला असते.

तिसरा प्रकार, हायड्रॉलिक टॅपेटची बुलेट. २००८-०९ पासून आलेल्या यूसीई इंजिनाच्या थंडरबर्ड, क्लासिक, इलेक्ट्रा या गाड्यांत पुशरॉड आहेत, पण टॅपेट हायड्रॉलिक आहेत. त्यांचा गॅप ऑईलच्या दाबाने आपोआप भरला जातो. तिथे पाना लावून सेट करण्यासारखे काही नसते. मात्र २०२० ची मेटिऑर, २०२१ ची नवी क्लासिक ३५० आणि २०२३ ची नवी बुलेट ३५० यांचे इंजिन वेगळे आहे. त्यात कॅम वर हेडमध्ये आहे आणि पुशरॉड नाहीत. त्यामुळे 'बुलेटचे टॅपेट द्या' एवढे सांगून दुकानात काम होत नाही, मॉडेल आणि साल सांगावेच लागते.

गॅप कशासाठी ठेवतात?

इंजिन तापले की वॉलची दांडी लांबीने वाढते. वाढायला जागा राहावी म्हणून थंड इंजिनावर थोडा गॅप ठेवतात. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत तो साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीएवढा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो आणि तो कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. जुन्या बुलेटला फिलर गेज लावत नाहीत. थंड इंजिनावर पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलला नाही पाहिजे, अशी तिथली पद्धत आहे.

गॅप जास्त झाला तर ठोका जोरात बसतो आणि आवाज येतो. वॉल उशिरा उघडतो, लवकर बंद होतो आणि पूर्ण उघडत नाही. पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही थोडे घटतात. तरी गाडी घरापर्यंत येते.

गॅप संपला तर मात्र आवाजच येत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. गॅप नसला की तापलेल्या इंजिनात वॉल पूर्ण मिटत नाही. वॉलची उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर उष्णता वॉलमध्येच साठते आणि जळता वायू त्या फटीतून निघत राहतो. एक्झॉस्ट वॉल आधीच जास्त तापतो, त्यामुळे तोच पहिले जळतो. मग हेड खोलणे, वॉल बदलणे, सीट कटिंग असे काम निघते. वाजणारे टॅपेट शेकड्यांत दुरुस्त होते, गप्प बसलेले घट्ट टॅपेट हजारांत जाते. म्हणून केवळ आवाज बंद व्हावा यासाठी टॅपेट कसून घेऊ नका.

घट्ट टॅपेट ओळखायचे कसे? गाडी थंड असताना नीट सुरू होते, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा लवकर सुरू होत नाही. तापल्यावर आयडलिंगला बंद पडते. किक मारताना आधीसारखा जोर लागत नाही, पाय सहज खाली जातो. ॲक्सिलेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाज येतो. या खुणांची दुसरी कारणेही असू शकतात, पण यातल्या दोन-तीन एकत्र दिसल्या तर पहिल्यांदा टॅपेटचा गॅप तपासून घ्या. तो स्वस्तातला तपास आहे.

आवाज टॅपेटचाच आहे का?

गाडी दिवसभर उभी होती, इंजिन थंड आहे, अशा वेळी सुरू करा आणि कान द्या. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली की आवाज कुठून येतो ते कळते. गळ्यातला दुपट्टा, रुमाल आणि सैल बाह्या आधी आवरा, सायलेन्सरला हात लागू देऊ नका.

टॅपेटचा आवाज हलका, कोरडा आणि एकसारखा टकटक असतो. तो हेडच्या वरून येतो आणि आयडलिंगला स्पष्ट ऐकू येतो. ॲक्सिलेटर वाढवला की त्याचा वेगही वाढतो.

टायमिंग चेन सैल असेल तर आवाज खरखर किंवा सळसळ असा येतो आणि हेड-ब्लॉकच्या एका बाजूने येतो. ॲक्सिलेटर दिल्यावर आणि सोडल्यावर तो बदलतो.

पिस्टनचा आवाज ब्लॉकमधून येतो. थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी होतो.

कनेक्टिंग रॉडचा आवाज खालून येतो, जड आणि ठोक ठोक असा. भार टाकला, चढ लागला की वाढतो. हा आवाज असेल तर गाडी चालवू नका, सरळ गॅरेजला न्या.

सायलेन्सरची गॅस्केट गेली असेल तर हेडजवळ फटफट आवाज येतो आणि तो टॅपेटसारखा वाटतो. तिथे काळी काजळी जमलेली दिसते.

पहिले पाऊल ऑईलचे

टॅपेटला हात लावण्याआधी ऑईल पाहा. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा. मग पट्टी पुसून तपासा. बऱ्याच गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहतात. आपल्या गाडीची पद्धत गाडीसोबतच्या पुस्तकात असते.

१०० सीसीच्या गाडीत एक लिटरच्या आसपासच ऑईल असते. त्यातले पाव लिटर जळाले किंवा गळाले तरी चौथा हिस्सा गेला. कॅम आणि रॉकर इंजिनच्या माथ्यावर असल्यामुळे गाडी सुरू झाल्यावर ऑईल तिथे सगळ्यात शेवटी पोहोचते. ऑईल कमी असले की त्याचा पहिला फटका याच भागांना बसतो.

आवाज दाबायला जाड ऑईल टाकणे हा उपाय नाही. जाड ऑईल थंड इंजिनात वर पोहोचायला आणखी वेळ घेते. घरात ट्रॅक्टरचे ऑईल शिल्लक आहे म्हणून तेही टाकू नका. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, आणि ट्रॅक्टरच्या ऑईलने तो सरकू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेले आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑईल घ्या.

ऑईल बरोबर असेल, तरीही टकटक आहे, तेव्हाच टॅपेटकडे वळा.

सेटिंग कशी झाली पाहिजे?

सेटिंग थंड इंजिनावरच होते. गाडी गॅरेजला चालवत नेली आणि लगेच टॅपेट सेट करून घेतले तर तो गॅप चुकीचा असतो. आदल्या संध्याकाळी गाडी ठेवून या किंवा काही तास तिथे थंड होऊ द्या.

मॅग्नेटवरची 'टी' खूण कव्हरच्या खुणेशी जुळवतात. ही खूण दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनच्या वेळी आणि एकदा धूर बाहेर जाताना. सेटिंग कॉम्प्रेशनवर करायची असते. तेव्हा दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. एखादा रॉकर दाबलेला असेल तर इंजिन आणखी एक फेरा फिरवावे लागते.

मग फिलर गेजची ठरलेली पाती मध्ये सरकवतात. पाती किंचित अडत सरकली पाहिजे. स्क्रू पकडून लॉकनट कसतात. नट कसताना गॅप बदलतो, म्हणून पाती पुन्हा लावून पाहायची. शेवटी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून परत एकदा तपासायचे. मिस्तरी अंदाजाने, बोटाच्या खेळावर सेटिंग करत असेल तर फिलर गेज लावायला सांगा. मिलिमीटरचा विसावा भाग बोटाला मोजता येत नाही.

किती दिवसांनी तपासायचे, याचा तक्ता गाडीच्या पुस्तकात असतो. पुस्तक हरवले असेल तर दर दुसऱ्या ऑईल बदलाच्या वेळी गॅप तपासून घेण्याची सवय ठेवा.

केव्हा बदलायचेच?

किलोमीटरचा एकच आकडा सांगून टॅपेट बदलता येत नाही. ऑईल वेळेवर बदललेली गाडी अनेक वर्षे मूळ रॉकरवर चालते, आणि ऑईलकडे दुर्लक्ष झालेल्या गाडीचे थोड्याच वर्षांत खराब होतात. भागाची हालत पाहून निर्णय घ्यायचा असतो. पुढच्या खुणांपैकी एक जरी पक्की दिसली तरी तो भाग बदला.

१. सेटिंग केल्यावर काही दिवसांतच आवाज परत येतो. लॉकनट नीट कसलेला असूनही असे होत असेल तर रॉकरचे तोंड, स्क्रू किंवा कॅम झिजतो आहे असे समजा.

२. गेजने गॅप बरोबर येतो, तरी आवाज जात नाही. ही खूण बरेच जण चुकवतात. स्क्रूच्या टोकाला वॉलच्या दांडीने खळगा पाडलेला असतो. गेजची पाती सपाट असते आणि खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते. त्यामुळे पाती बरोबर सरकते, पण खरा गॅप खळग्याच्या खोलीएवढा जास्त असतो. अशा स्क्रूला कितीही वेळा सेट केले तरी उपयोग नाही. तो बदला, आणि वॉलच्या दांडीचे टोक खराब झाले आहे का तेही पाहा.

३. कॅमवर टेकणाऱ्या तोंडावर बारीक खड्डे, पापुद्रे किंवा नखाला अडणारी रेघ आहे. नुसती गुळगुळीत चमक असेल तर ती चालते. खड्डे पडले म्हणजे वरचा कडक थर गेला. त्याखालचे लोखंड नरम असते आणि नंतरची झीज झपाट्याने होते. ग्राइंडरवर घासून तोंड साफ करून देतो असे कोणी म्हणाले तर नकार द्या, कारण त्यात उरलेला कडक थरही जातो.

४. रॉकर त्याच्या शाफ्टवर वर-खाली हलतो. बाजूला थोडे सरकणे चालते, उभा खेळ चालत नाही. रॉकर आणि शाफ्ट दोन्ही तपासा.

५. भाग निळसर किंवा तपकिरी पडला आहे. ऑईलवाचून जळाल्याची ही खूण आहे. तिथे टॅपेट बदलण्याआधी ऑईलची वाट आणि पंप तपासावा लागतो.

६. जुन्या बुलेटमध्ये टॅपेटच्या तळाला खड्डे आहेत, टॅपेट गाइडमध्ये डगडगते किंवा अडकते. पुशरॉडही तपासा. तो काचेवर ठेवून लोटला की वाकलेला लगेच कळतो. टॅपेट बदलायला टायमिंगची बाजू उघडावी लागते. काम मोठे आहे, म्हणून तेव्हाच कॅमही पाहून घ्या.

हायड्रॉलिक टॅपेटचा नियम वेगळा

यूसीई बुलेट काही दिवस उभी राहिली की सुरू करताना थोडा वेळ टकटक करते. उभ्या गाडीत लिफ्टरमधले ऑईल निथळून जाते आणि सुरू केल्यावर पुन्हा भरते. आवाज लवकरच थांबत असेल तर चिंता नाही.

लिफ्टरची रचना विहिरीतल्या पंपाच्या फुटवॉलसारखी समजा. ऑईल आत येते, छोटी गोळी वाट बंद करते आणि आतले ऑईल दाब धरून ठेवते. फुटवॉलमध्ये कचरा अडकला की पाणी धरत नाही, तसे लिफ्टरमध्ये मळ गेला की तो ऑईल धरत नाही आणि दबतो.

गाडी पूर्ण तापल्यावरही आवाज राहत असेल तर क्रमाने जा. आधी ऑईलची पातळी, मग ऑईल आणि फिल्टर बदल, मग शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा तपास. मळ असेल तर काही वेळा एवढ्यानेच आवाज जातो. तरीही राहिला तर लिफ्टर काढून पाहावे लागतात. ऑईल भरलेला चांगला लिफ्टर अंगठ्याने दाबला तर घट्ट लागतो. सहज दबला तर तो गेला. एक गेला असेल तर दोन्ही बदलणे बरे, कारण दुसऱ्यानेही तेवढेच काम केलेले असते आणि मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही.

नवे लिफ्टर ऑईलमध्ये भिजवून बसवतात. बसवल्यावर इंजिन आधी हाताने हळूहळू फिरवून पाहायचे आणि लिफ्टरमधला जास्तीचा दाब उतरायला थोडा वेळ द्यायचा. घाईत किक किंवा सेल्फ मारला आणि वॉल उघडाच राहिलेला असेल तर पुशरॉड वाकू शकतो.

एकट्याला बदलू नका, जोडीदार पाहा

कॅम आणि त्यावर टेकणारा भाग एकमेकांना घासून बसलेले असतात. झिजलेल्या, रेघा पडलेल्या कॅमवर नवा रॉकर बसवला तर थोड्याच दिवसांत नव्याचे तोंडही तसेच होते. पैसे दोनदा जातात. म्हणून रॉकर बदलताना कॅमवर नख फिरवून पाहा. शंका असेल तर कॅमची उंची मायक्रोमीटरने मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून घ्या. कॅम गेला असेल तर दोन्ही सोबतच बदला.

जुनेच भाग परत बसवायचे असतील तर इनलेटचा इनलेटला आणि एक्झॉस्टचा एक्झॉस्टलाच गेला पाहिजे. काढतानाच खूण करून ठेवायला सांगा. बसवताना तोंडाला ऑईल लावलेले असावे, कोरडे बसवलेले भाग पहिल्याच मिनिटात घासले जातात.

पार्ट घेताना मॉडेल, साल आणि शक्यतो चेसिस नंबर सांगा. पाकिटावरचा पार्ट नंबर आणि किंमत पाहा, बिल घ्या. नकली रॉकर दिसायला सारखाच असतो, पण तोंड नरम असेल तर लवकर झिजतो. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि झीज डोळ्यांनी पाहा. सगळे बदलणे खरेच गरजेचे होते का, हे त्यावरूनच कळते.

वऱ्हाडात झीज लवकर का होते?

मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. आपल्या गाड्यांचे इंजिन बहुतेक हवेने थंड होणारे. गरम हवेत, मागे दोन खताची पोती, पांदण रस्त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालली की इंजिन फिरते जास्त आणि हवा लागते कमी. ऑईल पातळ पडते, लवकर जुने होते. चिखलदऱ्याच्या घाटात जड ओझे घेऊन चढणाऱ्या गाडीचेही तेच.

दुसरे कारण धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरमधून आत गेली की ऑईलमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरसारखे काम करते. उन्हाळ्यात आणि मळणीच्या दिवसांत फिल्टर लवकर साफ करा, फाटलेला लगेच बदला. जड आणि धुळीच्या वापरात पुस्तकातल्या अंतराच्या आधीच ऑईल बदललेले फायद्याचे.

गाडी सुरू केल्या केल्या ॲक्सिलेटर पिळू नका. अर्धा-एक मिनिट आयडलिंगला चालू द्या, तेवढ्यात ऑईल माथ्यावर पोहोचते.

जुनी गाडी घेताना

जुन्या गाडीचे इंजिन एकदम शांत आहे म्हणून ते चांगलेच असेल असे नाही. टॅपेट कसूनही आवाज बंद करता येतो. गाडी थंड असताना पाहायला जा. सायलेन्सरला हात जवळ नेऊन आधीच तापवलेली नाही ना, याची खात्री करा. थंड सुरू करा, आठ-दहा किलोमीटर चालवा, बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करून पाहा. तापल्यावर अडत असेल, किक हलकी लागत असेल तर सौदा करण्याआधी आपल्या ओळखीच्या मिस्तरीकडून गॅप तपासून घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आवाज आला की आधी ऑईलची पातळी, मग आवाजाची जागा, मग टॅपेट.
- सेटिंग थंड इंजिनावर, फिलर गेजनेच.
- सेटिंग टिकत असेल तर बदलण्याची गरज नाही. टिकत नसेल तर पुन्हा पुन्हा कसत बसू नका, झाकण खोलून तोंड पाहा.
- खड्डे, खळगा, नखाला अडणारी रेघ, शाफ्टवर उभा खेळ किंवा निळसर डाग दिसला की तो भाग बदला.
- रॉकर बदलताना कॅम तपासा. हायड्रॉलिक लिफ्टर जोडीने बदला.
- हलकी टकटक असलेली गाडी काही दिवस चालते. तापल्यावर सुरू न होणारी, कॉम्प्रेशन गेलेली गाडी तशी दामटू नका.

हे काम काढायचे असेल तर मे अखेरपर्यंत किंवा दिवाळीआधी काढा. मृग लागला की कास्तकाराला गाडी रोज लागते, गॅरेजवरही गर्दी असते, आणि घाईत थंड न होता सेट केलेले टॅपेट पुन्हा उघडावे लागते.